भूक दिवसाची, खाणे रात्रीचे

प्रश्न : माझे वय ३६. अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्यात मी हिशेबाचे काम करते. सकाळी सगळ्यांचे डबे करता करता पोटात फक्त चहा जातो. दुपारी एक भाकरी आणि भाजी, वजन वाढू नये म्हणून कधी अर्धीच. गुरुवार आणि संकष्टी धरते. रात्री घर झोपले की मात्र ओट्याशी उभी राहून खायला लागते : कडक भाकरी, शेंगाचटणी, उरलेला भात, फरसाण, मुलांची बिस्किटे. भूक नसली तरी हात थांबत नाही. पोट दुखेपर्यंत खाते आणि मग रडते. वर्षभर हे आठवड्यातून तीन-चारदा चालले आहे. उलटी काढत नाही, जुलाबाचे औषधही घेत नाही. वजन ११ किलोने वाढले. पाण्याची पाळी रात्रीची असली की झोपही होत नाही. जाऊबाई म्हणतात, जिभेवर ताबा नाही. जिममधले सर म्हणतात, पोट ताणून मोठे झाले असेल, भुकेचे हार्मोन तपासून घ्या. वजन कमी करण्याच्या इंजेक्शनबद्दलही ऐकले आहे. माझा दोष नेमका कुठे आहे, पोटात की मनात? — एक वाचक, भवानी पेठ, सोलापूर

उत्तर : ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरे त्याच्याच पोटात आहेत. जठर आणि मेंदू यांना जोडणारी व्हेगस नावाची एक लांब नस आहे. तिच्यातील सुमारे ८० टक्के तंतू पोटातील आणि आतड्यांतील खबर वर मेंदूकडे नेतात. मेंदूचे हुकूम खाली आणणारे तंतू त्या मानाने थोडे. ज्याला आपण ‘मन भरले’ म्हणतो त्यात जठराचा ताण, आतड्यांतून रक्तात उतरणारी संप्रेरके, झोप, दिवसभराचा ताणतणाव आणि खाण्याची सवय या सगळ्यांचा हिस्सा असतो. म्हणून पोट की मन, असा निवाडा कोणी मागितला तरी तो देता येत नाही. आणि ‘दोष’ हा शब्द तर तुम्ही पत्रातून खोडूनच टाकावा, असे मला वाटते.

पत्रावरून निदान करणे योग्य नाही, पण तुम्ही लिहिलेले वर्णन ‘बिंज ईटिंग डिसऑर्डर’ या विकाराशी बरेच जुळते. थोड्या वेळात, साधारण दोन तासांच्या आत, इतर कोणी खाईल त्याहून स्पष्टपणे जास्त खाल्ले जाणे आणि त्या वेळी आपला आपल्यावर ताबा नाही असे वाटणे, ही त्याची मुख्य खूण आहे. भराभर खाणे, पोट दुखेपर्यंत खाणे, भूक नसताना खाणे, लाजेने एकटे असताना खाणे, नंतर स्वतःची किळस किंवा अपराधी वाटणे, यांपैकी किमान तीन गोष्टी सोबत असाव्या लागतात, आणि हे सरासरी आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने, होत असावे लागते. खाल्लेले बाहेर काढण्याचा प्रयत्न होत असेल तर तो वेगळा आजार, बुलिमिया. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी अशा खाण्याचे वर्णन १९५९ मध्येच केले होते, तरी स्वतंत्र आजार म्हणून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत त्याला जागा मिळायला २०१३ उजाडले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणातही तो आहे. तेव्हा जाऊबाईंना इतकेच सांगता येईल की ज्याला त्या जिभेचा ताबा म्हणतात, त्याला वैद्यकशास्त्र आजार म्हणते. लग्नाच्या पंगतीत चार जिलब्या जास्त खाणारा माणूस हसत उठतो. तुम्ही रडत उठता, हा फरक लहान नाही.

आता जिमच्या सरांचे म्हणणे पाहू. जठर ही ठरलेल्या मापाची पिशवी नाही. रिकामे असताना ते आकसून मुठीएवढे असते आणि घास उतरू लागला की त्याचा वरचा भाग आपण होऊन सैल पडतो, त्यामुळे लीटर-दीड लीटर अन्न सहज मावते. मग खालच्या भागात मिनिटाला साधारण तीन या गतीने आकुंचनाच्या लाटा सुरू होतात, अन्न घुसळले जाते आणि थोडे थोडे आतड्यात सोडले जाते. घन आहाराने भरलेले जठर बहुतांशी रिकामे व्हायला साधारण चार तास लागतात. भिंत ताणली गेली की व्हेगस नस तशी खबर देते. न्यूयॉर्कमधील संशोधक ॲलन गेलिब्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांच्या जठरात रबरी फुगा उतरवून, त्यात पाणी भरत भरत, कोण किती सहन करते हे मोजले. अनावर खाणाऱ्या स्थूल व्यक्तींची ही क्षमता तसे न खाणाऱ्या स्थूल व्यक्तींपेक्षा जास्त भरली. म्हणजे सरांच्या बोलण्यात तथ्य आहे. अशा जठराला ‘भरले’ म्हणायला जास्त अन्न लागते. परंतु याच संशोधकांना असेही आढळले की काही आठवडे कमी आहार घेतल्यावर स्थूल व्यक्तींची ही क्षमता पुन्हा घटते. ताणलेले जठर जन्मभर तसेच राहते, ही समजूत खरी नाही, आणि तेवढ्यासाठी उपाशी राहण्याचीही गरज नाही. पोटफुटीपर्यंतचे प्रसंग कमी झाले की ते आपली सवय बदलते.

खाण्याच्या वेगाचाही येथे मोठा वाटा आहे. अन्नातील स्निग्धांश आणि प्रथिने लहान आतड्याच्या सुरुवातीला पोचली की तेथून कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक सुटते. ते जठराचे रिकामे होणे मंदावते आणि मेंदूला ‘पुरे’ असे कळवते. पुढच्या आतड्यांतून पेप्टाइड वायवाय आणि जीएलपी-१ ही संप्रेरके सुटतात आणि तोच निरोप पक्का करतात. या सगळ्याला साधारण पंधरा-वीस मिनिटे तरी लागतात. ओट्याशी उभे राहून, चटणीच्या डब्यात भाकरीचा तुकडा थेट बुडवून, दिवा न लावता खाणाऱ्या माणसाचे अर्धे फरसाण तेवढ्या वेळात संपलेले असते.

भुकेचे हार्मोन म्हणून ज्याचे नाव सरांनी बहुधा ऐकले असावे ते घ्रेलिन, जपानमधील कोजिमा आणि कांगावा यांनी १९९९ मध्ये शोधून काढले. ते मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होते, जेवणाच्या नेहमीच्या वेळेआधी वाढते आणि जेवल्यावर उतरते. अनावर खाणाऱ्यांमध्ये हे घ्रेलिन चढेच असणार, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात काही अभ्यासांत त्यांचे उपाशीपोटीचे घ्रेलिन उलट कमी आढळले. मात्र जेवल्यानंतर ते जेवढे खाली यायला हवे तेवढे आले नाही. कोलेसिस्टोकायनिनचा जेवणानंतरचा चढ बुलिमियात मंद असतो, असे १९८८ मध्ये दिसले होते. बिंज ईटिंगमध्ये तितके स्वच्छ चित्र मिळालेले नाही. प्रयोगशाळेत गटागटांची सरासरी काढून मिळालेल्या या गोष्टी आहेत. एका बाईच्या एका सकाळच्या रक्तावरून त्यातले काहीही ठरत नाही. घ्रेलिनचे प्रमाण तासातासाला बदलते, नमुना विशेष काळजीने राखला नाही तर त्याचा क्रियाशील अंश नळीतच विघटित होतो, आणि अमुक आकड्यापुढे आजार असे सांगणारी रेषा कोणीही आखलेली नाही. कोणी असे पॅकेज विकत असेल तर पैसे वाचवा. त्याऐवजी साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेचा अंदाज देणारी तपासणी), थायरॉइड, हिमोग्लोबिन, चरबीचे प्रमाण आणि यकृताची तपासणी करून घ्या, कारण वाढलेल्या वजनासोबत या गोष्टी बिघडलेल्या असू शकतात आणि त्यांवर काही करता येते. स्टेरॉइड किंवा मानसिक आजारांवरील काही गोळ्यांनीही भूक आणि वजन वाढते, म्हणून अशी कोणती औषधे चालू असतील तर डॉक्टरांना तीही दाखवा.

तुमच्या बाबतीत मला हार्मोनच्या आकड्यापेक्षा तुमच्या दिवसाची मांडणी महत्त्वाची वाटते. सकाळी चहा, दुपारी अर्धी भाकरी, गुरुवारी आणि संकष्टीला तेही नाही. म्हणजे रात्री दहापर्यंत शरीराचा निम्म्याहून अधिक दिवस उधारीवर गेलेला असतो. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात ३२ स्थूल व्यक्तींना, ज्यांतील निम्म्यांना बिंज ईटिंग होते, आठ तास उपाशी ठेवून एकदा सकाळी आणि एकदा दुपारी चारला सारखेच जेवण दिले, आणि नंतर अतिशय गार पाण्यात हात ठेवायला लावून ताण दिला. दिवसाच्या उत्तरार्धात सर्वांचीच भूक जास्त होती आणि ताणानंतर घ्रेलिन अधिक चढले. बिंज ईटिंग असलेल्यांना त्या वेळी पोट भरल्याची जाणीवही कमी झाली. अभ्यास लहान आहे, त्यावरून फार मोठे काही म्हणू नये, पण संध्याकाळनंतरची वेळ अवघड असते हे रुग्णांचे रोजचे म्हणणे त्याच्याशी जुळते. झोपेचेही तसेच. निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिले असता त्यांचे घ्रेलिन वाढले आणि भूक आवरणारे लेप्टिन घटले, हे २००४ पासून माहीत आहे. सोलापुरात पाण्याच्या पाळीवर तुमचा-माझा काही इलाज नाही, पण त्या रात्री भांडी-हंडे भरण्याचे काम एकट्या तुमच्यावरच का, हा प्रश्न घरात विचारायला हरकत नाही.

उपासमारीनंतर अनावर खाणे होते, याचा जुना आणि ठसठशीत पुरावा दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला आहे. मिनेसोटात ॲन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी, स्वेच्छेने आलेल्या पुरुषांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. मनाने धडधाकट म्हणून निवडलेली ही माणसे रात्रंदिवस अन्नाचाच विचार करू लागली, आणि बंधन उठल्यावर त्यांतील काही जण पोट तुडुंब भरले तरी खातच राहिले. त्यांच्या जिभेवर ताबा नव्हता, असे कोणी म्हणणार नाही. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दहा आठवड्यांच्या कडक आहाराने वजन घटवलेल्या लोकांची संप्रेरके वर्षभराने पुन्हा मोजली, तेव्हाही घ्रेलिन चढे आणि तृप्तीची संप्रेरके उतरलेलीच सापडली. आपल्याकडे ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ असे म्हणून उपवास करणाऱ्याची थट्टा करतात. थट्टा बाजूला ठेवली, तर ती म्हण शरीराच्या वागण्याचे अचूक निरीक्षण आहे.

म्हणून माझा सल्ला तुम्हाला उलटा वाटेल : रात्रीचे खाणे थांबवण्याची धडपड तूर्त सोडा आणि सकाळी खायला सुरुवात करा. जागे असताना तीन-चार तासांपेक्षा जास्त वेळ पोट रिकामे राहू देऊ नका. डबे भरताना पहिला डबा स्वतःचा भरा. ज्वारीची भाकरी, वाटीभर दही आणि चमचाभर शेंगाचटणी ही सकाळची उत्तम न्याहारी आहे. रात्री तुम्ही ज्या पदार्थांना गुन्हेगार समजता तेच सकाळी ताटात वाढून, बसून खाल्ले तर त्यांत गुन्हा काही नाही. उखळात कांडून तेल सुटलेल्या त्या चटणीत शेंगदाण्याची प्रथिने आणि स्निग्धांश आहेत, भाकरीत तंतू आहेत, आणि आतड्यांतील तृप्तीच्या संप्रेरकांना जाग आणायला हेच घटक लागतात. चहा-बिस्किटाला ते जमत नाही. दुपारी पूर्ण जेवण, त्यात डाळ, मटकी किंवा अंडे असावे. कारखान्यातून निघण्याआधी, पाचच्या सुमारास, भाजलेले हरभरे किंवा फळ आणि ताक घ्याच, कारण घरी पोचून स्वयंपाकाला लागेपर्यंतचा वेळ तुमच्यासाठी सर्वांत कठीण असणार. रात्रीचे जेवण घरातल्यांसोबत, बसून. आणि ज्या रात्री तरीही खाणे हातातून सुटेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळची न्याहारी चुकवू नका. भरपाई म्हणून धरलेला तो उपास हीच पुढच्या प्रसंगाची तयारी असते. साऱ्या सल्ल्यातून एकच गोष्ट पाळायची म्हटली तर ही पाळा.

पहिले काही दिवस पोट जड वाटेल, वजन वाढेल ही भीतीही वाटेल. रोज काट्यावर उभे राहू नका. भुकेशिवाय खाल्ल्यासारखे वाटले तरी घड्याळ पाहून खा, कारण घ्रेलिनला वेळेची सवय लावावी लागते. एक छोटी वही ठेवा आणि तिच्यात केव्हा, काय, कुठे खाल्ले आणि त्याआधी काय घडले होते एवढेच लिहा. तुम्ही हिशेबाचे काम करता म्हणून मुद्दाम सांगतो, या वहीत कॅलरींची बेरीज नको.

गुरुवार आणि संकष्टीबद्दल तुम्ही काही विचारलेले नाही, तरी बोलणे भाग आहे. निदान काही महिने हे उपवास थांबवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. साबुदाण्यात जवळजवळ सगळा पिष्टांशच असतो, त्यामुळे दिवसभर खिचडी खाऊनही पोटाला आधार होत नाही. गरोदर बाई, आजारी माणूस, औषध चालू असलेले म्हातारे यांना आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांनी उपवासातून नेहमीच सूट दिली आहे. तुम्हीही आजारी माणसांतच येता. दर्शन, आरती, पोथी यांपैकी काही सोडण्याचे कारण नाही. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर उपाशी राहणे धोक्याचेच.

इंजेक्शनविषयी. शरीरातील नैसर्गिक जीएलपी-१ रक्तात दोन-एक मिनिटांतच निम्मे होते. औषधातील त्याचे रूप आठवडाभर टिकते, जठराचे रिकामे होणे मंदावते आणि भूक कमी करते. मधुमेह आणि स्थूलता यांसाठी त्याचा उपयोग सिद्ध झाला आहे. बिंज ईटिंगवर मात्र अजून लहान अभ्यासच झाले आहेत आणि त्या आजारासाठी ते मान्यताप्राप्त औषध नाही. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठता हे नेहमीचे त्रास, पित्ताशयातील खडे आणि क्वचित स्वादुपिंडाचा दाह हे गंभीर. बंद केल्यावर वजन बऱ्याच अंशी परत येते. शिवाय तुम्ही आधीच दिवसा उपाशी राहता. भूक आणखी मारून दिवसाचे उरलेसुरले खाणेही गेले, तर मूळ घडी बिघडलेलीच राहील. पुढे साखर वाढलेली निघाली तर डॉक्टरांशी बोलून विचार करता येईल. आज, ओळखीतून किंवा ऑनलाइन मागवून, अजिबात नको.

या विकारावर सर्वाधिक भरवशाचा उपचार म्हणजे त्यासाठीच बेतलेली बोधात्मक वर्तन उपचारपद्धती, सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलण्यावर भर देणारा बोलण्यातून होणारा उपचार. ब्रिटनच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी पहिली पायरी म्हणून तज्ज्ञाच्या देखरेखीखालील स्व-मदत सांगितली आहे आणि तिच्या मुळाशी वर सांगितलेले वेळेवर खाणेच आहे. सोबत उदासी असेल तर मानसोपचारतज्ज्ञ गोळ्याही देतील. सोलापुरात सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात दाखवता येईल. तेथवर जाण्याआधी कोणाशी बोलावेसे वाटले तर टेली-मानसचा १४४१६ हा केंद्र सरकारचा मोफत क्रमांक रात्रीही चालू असतो आणि मराठीत बोलता येते; जगणे नकोसे वाटण्याचा विचार मनात येत असेल तर वाट पाहू नका, त्याच रात्री फोन करा आणि यजमानांना उठवा. खूप खाल्ल्यानंतर पोट दगडासारखे फुगले, दुखणे थांबेना, किंवा उमळ येऊनही उलटी होईना, तर ते घरी सोसण्याचे दुखणे नव्हे, लगेच अपघात विभागात जा. काळी शी झाली तरीही तसेच.

यजमानांना हे पत्र आणि उत्तर दोन्ही वाचायला द्या. फरसाणाच्या डब्याला कुलूप लावून द्या, असे मात्र त्यांना सांगू नका. लपवाछपवीने हा आजार वाढतो. आणि ओपीडीत पहिल्या भेटीत ‘वजन वाढले’ एवढेच सांगून गप्प बसू नका, कारण तेवढ्यावर हातात डाएटचा कागद पडतो. ‘रात्री खाताना माझा ताबा सुटतो, आठवड्यातून तीन-चारदा, वर्षभरापासून’ हे आधी सांगा, वही पुढे करा, आणि दिलेल्या कागदावर सकाळची न्याहारी खोडलेली असेल तर तो तिथेच परत करून दुसरा मागा.